चाऱ्याच्या भिंती आणि साहेब नावाचा बैल

ज्योतीचा फोन आला तेव्हा मी पुण्यात ऑफिसात बसून एका पार्किंगच्या खांबांची गणितं करत होते. कशी आहेस वगैरे न विचारता ती म्हणाली, "भिंतीत ओल किती चालते?"

"कशाच्या भिंतीत?"

"गव्हाच्या काडाच्या."

पंधरा टक्क्यांच्या आत, असं मी सांगितलं. ते मोजायचं कसं, असं तिनं विचारलं. ओलावामापक यंत्रानं, मी म्हणाले. "ते तुझ्याकडे आहे. ये," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

अशा रीतीनं माझी उन्हाळ्याची सुट्टी ठरली. मराठवाड्यात एप्रिलमध्ये फिरायला कोणी जात नाही. त्यामुळे रेल्वेचं तिकीट मात्र सहज मिळतं.

काडाचं घर म्हणजे काय हे आधी सांगते, कारण वाटेत हा प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारला की उत्तर पाठ झालं आहे. गहू काढल्यावर शेतात उरलेलं काड यंत्रानं दाबून त्याचे चौकोनी गठ्ठे बांधतात. लाकडाचा सांगाडा उभा करायचा, त्यात विटांसारखे गठ्ठे रचायचे आणि आतून-बाहेरून मातीचा जाड थर लिंपायचा. भिंत दीड फूट जाड होते आणि आत गारवा राहतो. पाणी शिरलं तर काड कुजतं, म्हणून जोतं उंच घ्यायचं, छप्पर भिंतीच्या पुढे काढायचं आणि गठ्ठे कोरडे वापरायचे. आगीचं विचाराल, तर घट्ट दाबलेल्या काडाला वरून माती असली की हवा मिळत नाही आणि ते सहज पेटत नाही. ज्योतीच्या वडिलांना हे पटलेलं नव्हतं, पण त्यांची मुख्य अडचण आगीची नव्हती. बैलाची होती.

ज्योती आणि मी लातूरच्या कॉलेजात चार वर्षं एका बाकावर बसलो. पुढे मी पुण्याला आले, ती लातुरातच एका क्लासमध्ये फिजिक्स शिकवत राहिली. गेल्या दिवाळीत तिनं ते सोडलं. उदगीरजवळच्या त्यांच्या शेतात रोपवाटिका काढायची आणि तिथेच स्वतःच्या घरात राहायचं, असं तिनं ठरवलं होतं. वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, बांधाकडेचा तुकडा दिला आणि अट घातली. अक्षय तृतीयेला ते घर बघायला येणार. भिंतीत कुठेही काडी दिसली तर गठ्ठे सोडून दावणीला टाकायचे आणि ज्योतीनं मुकाट्यानं लातूरच्या नोकरीवर परत जायचं. ऐन उन्हाळ्यात चारा भिंतीत चिणून ठेवणं त्यांना ताटातलं टाकून देण्यासारखं वाटत होतं. गव्हाच्या काडाला ते राजी झाले तेही एवढ्याचसाठी की त्यांचा बैल ते तोंडात धरत नाही. त्याला ज्वारीचा कडबा लागतो.

मी निघाले तेव्हा तीन भिंती लिंपून झाल्या होत्या. चौथीचे, म्हणजे पश्चिमेच्या भिंतीचे गठ्ठे हिमायतनगरला ज्योतीच्या मामांच्या शेतात पडून होते. तिकडे कालव्याचं पाणी असल्यानं गहू होतो. ते तपासून गाडीत भरून आणणं हे माझं काम.

नांदेड, हिमायतनगर

नांदेडला गाडी सकाळी पोचली. स्टेशनबाहेर सुशीला खाल्ली. घाबरू नका, सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा, वरून दाण्याचा कूट घातलेला नाश्ता. सकाळी लवकरच खा. उशिरा गेलात तर उरतो तो लगदा. तिथून किनवटकडे जाणाऱ्या रेल्वेनं हिमायतनगर गाठता येतं. एसटीही आहे, पण रेल्वेत खिडकी मिळते.

मामा शेतात वाट बघत उभे होते. मी एकेका गठ्ठ्यात यंत्राची सुई खुपसून आकडा वाचायला लागले. ते मागे हात बांधून माझ्याबरोबर फिरत होते.

"मोंढ्यात धान्याच्या बाजारात असलंच यंत्र हाय," ते म्हणाले. "आपला माल घेताना ओल जास्त दाखवतं. इकताना कमी."

"हे दोन्ही वेळा सारखंच दाखवतं."

"मग बिघडलंय."

बहुतेक गठ्ठे अकरा-बारा टक्क्यांवर होते. खालच्या थरातले दोन एकोणीसवर निघाले. ते मी बाजूला काढायला सांगितले. मामांना ते लागलं. "दोन गठ्ठ्यानं काय घर पडणार हाय का," असं त्यांनी मला नाही, गठ्ठ्यांना विचारलं. मी ऐकून घेतलं आणि दोन गठ्ठे तिथेच ठेवले. हे लक्षात असू द्या.

हिमायतनगर ते उदगीर, टेम्पोनं

टेम्पो खाजाभाईंचा. वय पन्नाशीच्या पुढे, गाडी त्याहून थोडी लहान असावी. दोरखंड आवळताना त्यांनी विचारलं, "मॅडम, जनावरं किती हैं तुम्हारे पास?"

"हे जनावरांना नाही. घर बांधायला आहे."

ते दोरखंड आवळून गाडीत बसले. भोकर ओलांडल्यावर म्हणाले, "मतलब घर को खिलाना है?"

मी पाठ झालेलं उत्तर दिलं. जोतं, सांगाडा, माती, सगळं. त्यांनी शांतपणे ऐकलं. "अच्छा," ते म्हणाले. "सिमेंट महंगा हो गया, ये मालूम था. इतना हुआ, मालूम नहीं था."

या वाटेनं उन्हाळ्यात चाऱ्याची गाडी घेऊन जाऊ नका, असा माझा प्रामाणिक सल्ला आहे. रस्ता चांगला आहे, लोक थांबवतात. अर्धापूरच्या अलीकडे केळी घ्यायला उभे राहिलो, तर तीन माणसं केळीवाल्याला सोडून आमच्याकडे आली. गठ्ठा काय भाव, असं विचारलं. खाजाभाईंनी सांगितलं, "बेचने का नहीं, दीवार है." माणसांनी आधी गाडीकडे आणि मग माझ्याकडे बघितलं. लोह्यात चहाला थांबलो, तिथे एका आजोबांनी गठ्ठ्यातून काडी उपसली, चावली, थुंकली आणि म्हणाले, "गव्हाचं हाय. बैल खाणार न्हाई."

"फार बरं," मी म्हणाले.

आजोबांनी खाजाभाईंना बाजूला घेऊन मी कोणाची, कुठली, याची चौकशी केली.

अहमदपूरला जेवलो. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, मिरचीचा ठेचा. ठेचा चमच्याच्या टोकावर घ्या, चमचाभर नको. तोवर खाजाभाई माझ्या बाजूनं झाले होते. ढाब्यावर कोणी भाव विचारला की तेच सांगू लागले, "दीड फूट मोटी दीवार, अंदर एकदम थंडा, ओल पंधरा के अंदर." एकाला त्यांनी त्याच्या घराला किती गठ्ठे लागतील याचा अंदाजही देऊन टाकला. आकडा चुकीचा होता, पण मी मध्ये पडले नाही.

शेतात

उदगीरहून देवणीच्या रस्त्याला थोडं गेलं की डावीकडे ज्योतीचं शेत. ती हातापायाला माती लागलेली, डोक्याला पंचा गुंडाळलेली, अशी समोर आली आणि म्हणाली, "यंत्र आणलंस?" आम्ही दोन वर्षांनी भेटत होतो.

अण्णा लिंबाखाली बाजेवर बसले होते. त्यांच्या शेजारी साहेब. साहेब हा देवणी जातीचा बैल. पांढरा, अंगावर काळे ठिपके, कान लांब. जेवल्याशिवाय कामाला उठत नाही आणि जेवल्यावर झोपतो, म्हणून ते नाव. सीमेपलीकडच्या बाजारातून आणल्यामुळे त्याला कानडी कळतं. 'बा' म्हटलं की येतो, 'होगु' म्हटलं की जातो. मराठीत काहीही म्हटलं तरी तो ते ऐकून घेतो.

"पुण्याहून गवत मोजायला आलीस व्हय, बाई?" अण्णा म्हणाले.

"ओल मोजायला, काका."

"एवढ्या उन्हात ओल हुडकायलाव. बरं हाय."

ज्योतीच्या आईनं, म्हणजे मावशींनी, पाण्याचा तांब्या पुढे केला आणि हळूच म्हणाल्या, "त्येंचं मनावर नको घेऊ. रोज दुपारी घराला फेरी मारतेत. आमाला वाटतं लघवीला गेले."

पश्चिमेची भिंत रचायला फार वेळ लागला नाही. गठ्ठे हलके असतात. आम्ही दोघींनी भावाभावांसारखा वाद घालत ते रचले. ज्योतीचं म्हणणं, भिंत सरळ आहे. माझा ओळंबा म्हणत होता, नाही. शेवटी ती गठ्ठ्यांना खांद्यानं ढकलायची आणि मी "अजून, अजून, बास," असं म्हणायचे.

मग लिंपण. पांढरी माती, शेण, बारीक केलेलं काड आणि पाणी. काळी माती घेऊ नका, वाळली की तिला भेगा जातात. पश्चिमेची भिंत पावसाच्या तोंडाची असते, म्हणून तिच्या मिश्रणात गुळाचं पाणी घालावं असं मी सुचवलं. गुळानं माती चिकट होते. उदगीरच्या किल्ल्यातल्या चुन्यात गूळ असल्याचं गावातले सगळे सांगतात, त्यामुळे या सूचनेला मान मिळाला. किती मातीला किती गूळ ते मी ठरवून दिलं. मावशींनी गूळ विरघळवला. भिंत संध्याकाळपर्यंत गुळगुळीत झाली. अक्षय तृतीया परवावर आली होती आणि एकही काडी दिसत नव्हती. ज्योती त्या संध्याकाळी पहिल्यांदा हसली.

भिंत खाल्ली जाते

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही धपाटे आणि दही खात होतो. बाहेरून आवाज आला. ओल्या वाळूवर कोणी चप्पल घासावी तसा, सावकाश आणि समाधानी.

साहेब दावं तोडून पश्चिमेच्या भिंतीशी उभा होता. तो भिंत चाटत होता. बराच वेळ चाटत असावा, कारण मातीचा थर एका जागी संपला होता आणि आता तो आतला गठ्ठा उपसून खात होता. तो कुठल्याही घाईत नव्हता. एक घास, थोडा रवंथ, पुन्हा एक घास.

"हट," मी म्हणाले. "चल, बाजूला हो."

साहेबानं माझ्याकडे बघितलं आणि दुसरा गठ्ठा सुरू केला. ज्योती त्याच्या शेपटीला लोंबकळत होती. अण्णा सावकाश चालत आले, "होगु," म्हणाले, आणि साहेब निघून गेला. मागे भिंतीत भोक. मी मोजलं. रुंदी पावणेतीन फूट, उंची साधारण तेवढीच, तळ जमिनीपासून अडीच फुटांवर. कडा आश्चर्य वाटावं इतक्या सरळ होत्या.

"गव्हाचं काड तो खात नाही म्हणाला होतात," ज्योती वडिलांना म्हणाली.

"खातच न्हाई."

"मग हे काय?"

अण्णांनी भिंतीची माती बोटावर घेतली आणि जिभेला लावली. मग त्यांनी मावशींकडे बघितलं.

"मीठ कुणी घातलं?"

मावशी पदर सावरत म्हणाल्या, "मीच की. गूळ घातला तर चिमूटभर मीठ नको व्हय? उगं नुसता गूळ चांगला लागतो का?"

"कुणाला?" ज्योतीनं विचारलं.

चिमूट घमेल्याच्या हिशोबानं घेतली होती, हे नंतर कळलं. अण्णा बांधावर बसले आणि डोळे पुसत हसू लागले. थोडं थांबून त्यांनी मला सांगितलं ते असं: कडबा संपला की या भागात घरोघरी गव्हाच्या काडावर गूळ-मिठाचं पाणी शिंपडतात. एरवी न खाणारं जनावर मग ते चाटूनपुसून खातं. गूळ, मीठ आणि काड. "तुमी भिंत कुठं बांधलाव," ते म्हणाले. "तुमी तर पंगत मांडलाव."

आणि उठताना म्हणाले, "उद्या येतो बगायला."

नमुने अ, ब, क

पहिला प्रश्न उरलेल्या भिंतीचा होता. मी अशा वेळी चाचणी घेते. एका जुन्या दारावर तीन लेप लावले. अ म्हणजे आहे तेच मिश्रण. ब मध्ये कडुलिंबाच्या पाल्याचा काढा. क म्हणजे वरून नुसता शेणाचा हात. साहेबाला अण्णांनी 'बा' म्हणून आणून दिलं. एवढी मदत त्यांनी तटस्थपणे केली. साहेबानं अ संपवला. ब ला नाक लावून शिंकला. क कडे ढुंकून बघितलं नाही.

ज्योतीला कडुलिंब आवडला, कारण त्याचा वास बरा. आम्ही भिंतीला कडुलिंबाचा लेप दिला. तो सुकायच्या आत शेजारच्या काशीनाथमामांच्या शेळ्या आल्या. शेळ्यांना कडुलिंब अतिशय आवडतो, हे तिथे सगळ्यांना ठाऊक होतं. आम्ही विचारलं नव्हतं. काशीनाथमामा बांधावरून ओरडले, "ज्योती, माज्या शेळ्यांना काय खाऊ घालायलीस गा?"

"घर," ज्योती म्हणाली.

"बरं बरं. लई नको देऊ, पोट फुगंल."

शेवटी क. अख्ख्या भिंतीला शेणाचा हात फिरवला. त्याला कोणीही तोंड लावलं नाही. दुसरा प्रश्न भोकाचा होता. ते बुजवायला बरोबर दोन गठ्ठे कमी पडत होते.

ज्योतीनं माझ्याकडे बघितलं. "हिमायतनगरला मामांकडे दोन होते."

"ते एकोणीस टक्के होते."

"मला माहीत आहे."

तिनं भोकाच्या कडा साफ केल्या, काड दिसत होतं तिथे माती भरली. मी खालून घमेलं देत राहिले. मध्येच ती म्हणाली, "लातूरच्या खोलीला खिडकी नाही. तुला सांगितलं होतं का मी?" तिनं सांगितलं नव्हतं. मी म्हणाले, "इथे माती कमी आहे, अजून एक थर दे." मला त्या वेळी एवढंच सुचलं.

अक्षय तृतीया

अण्णा धुतलेलं धोतर नेसून, पुरणपोळी जेवून, भर उन्हात आले. काशीनाथमामा आणि आणखी काही मंडळी 'उगं बगायला' आली होती. कोणीतरी मला सांगितलं की निकाल कसाही लागला तरी गठ्ठ्याचा भाव काढून ठेवा.

अण्णांनी घराला फेरी मारली. भिंतीवर तळहात फिरवला. भोकापाशी वाकले, कड चाचपली. काडी सापडली नाही. पण भोक होतं, आणि भोक पडलेल्या भिंतीला पूर्ण झालेली भिंत म्हणत नाहीत, हे मलाही मान्य होतं. सांगाडा छपराचं वजन घेत असल्यानं भोकानं घराला काही धोका नाही, एवढं मी सांगितलं. ते न ऐकता आत गेले. आम्ही दोघी दारात.

आत ते मध्यभागी उभे राहिले. बाहेर लोखंडाला हात लावता येत नव्हता. माझ्या ओलावामापकावर तापमानही दिसतं, आत ते तेरा अंश कमी होतं. त्यांनी वर बघितलं.

"हे पडलं तर डोक्यावर काय पडंल?"

"छपराच्या लाकडी कैच्या, वर पत्रा. बाजूनं काड आणि थोडी माती."

"दगड न्हाई."

"नाही, काका."

"लातूरच्या भूकंपाच्या टायमाला मी तरणा होतो," ते म्हणाले. "दगडाची घरं बगितल्यात खाली आल्याली." मग गठ्ठ्यांच्या भिंतीला हलकेच थाप मारली. "गवत. उठायचं, झटकायचं."

ते बसले. मग पाठ टेकली. मग डोक्याखाली हात घेतला. भोकातून वारा आत येत होता. थोड्या वेळानं घोरण्याचा आवाज आला.

कोणाला काय करावं ते कळेना. मावशींनी चहा केला. मंडळी लिंबाखाली बसली. काशीनाथमामांनी भोकातून आत डोकावून जाहीर केलं की माणूस झोपलेला असताना निकाल धरता येत नाही. ज्योती उंबऱ्यावर नखं खात बसली होती. ऊन कललं, साहेब रवंथ करून मोकळा झाला, तरी आत घोरणं चालूच.

शेवटी अण्णा बाहेर आले, पाठीला मातीचा ठसा. चहा घेतला. बशी खाली ठेवून म्हणाले, "खिडकीला चौकट कवा बसवणार?"

ज्योतीनं माझा दंड इतका घट्ट धरला की नंतर वळ उठला.

"पश्चिमेला खिडकी नको, काका," मी म्हणाले. हे बोलायला नको होतं, पण ते बरोबर होतं. "दुपारचं ऊन आत येईल."

"ऊन अडवायला वरून झाप लावा की मग. इंजनेर हाय का कोण?" ते उठले. "आन् वर सरकवू नका. हितं पडलो की साहेब दिसला पायजे."

पुणे

परतीला उदगीरहून सरळ रेल्वे घेतली. मावशींनी धपाटे बांधून दिले होते. त्यात मीठ जरा जास्त होतं. असल्या सहलीला जाणार असाल तर सुती कपडे, टोपी आणि ओलावामापक न्या. आणि लिंपणात काय घालायचं ते स्वयंपाकघरात ठरवू नका.

काय उरलं म्हणाल, तर नखांतली पांढरी माती आठवडाभर टिकली. खाजाभाईंनी मध्ये फोन करून लोह्यातल्या एका पार्टीला काडाचं घर हवंय का विचारतो, असं सांगितलं. ज्योती आता तिथेच राहते. पहिली वांग्याची रोपं तयार झाली आहेत. रोज दुपारी वडील येतात, घरात काही दुरुस्तीचं आहे का बघायला, असं म्हणतात आणि झोपतात.

काल तिनं फोटो पाठवला. निलगिरीची चौकट, वर टेकवलेला झाप, आणि चौकटीत बरोबर मावलेलं साहेबाचं तोंड. मी तिथे पोचल्यावर काढलेला घराचा नकाशा उघडला आणि पश्चिमेच्या भिंतीत खिडकी काढली, मी मोजली होती त्याच मापाची. आमच्याकडे नकाशात काही बदललं की खालच्या चौकटीत कारण लिहावं लागतं. जागेवरची अडचण, मालकाची मागणी, असं काहीतरी. मी दोन्ही लिहून बघितली. मग खोडून लिहिलं: बैल.